जरा धर रे

माझ्या लहानपणी आमच्या घरात एकच क्लॅम्प होता, आणि तो मी होतो.

रविवारी सकाळी बाबा बनियनवर गॅलरीत बसले, लेंग्याचे पाय गुडघ्यापर्यंत दुमडले आणि करवतीला खोबरेल तेलाचं बोट लावलं, की मी घरातल्या सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात जाऊन भूगोल वाचायला घ्यायचो. एरवी भूगोल मी कधी आपणहून वाचलेला नाही. पण हाक यायचीच. "जरा धर रे." यातला 'जरा' हा मराठीतला सगळ्यात खोटा शब्द असावा. त्या 'जरा'चा हमखास पाऊण तास व्हायचा. फळीचं एक टोक स्टुलावर, दुसरं माझ्या हातात, मधे बाबा आणि करवत. पाचव्या मिनिटाला माझ्या नाकाच्या शेंड्याला खाज सुटायची, दहाव्याला हातांना मुंग्या यायच्या आणि पंधराव्याला बाबा ओरडायचे, "हलवू नकोस!" फळी मी हलवत नसायचो, करवत हलवत असायची. पण करवतीला कोण बोलणार? ती कामाची होती.

धरायचं, हलायचं नाही, मधे बोलायचं नाही आणि काम झालं की भिंतीवर जाऊन लटकायचं, एवढ्या अटी पाळणारी वस्तू बाजारात विकत मिळते, हे मला वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी कळलं. २०२०च्या टाळेबंदीत लोकांनी पाव भाजले, दाढ्या वाढवल्या. मी बाल्कनीत सुतारकाम सुरू केलं. बायको त्याला खुडबुड म्हणते.

दुकानं उघडल्यावर मी रविवार पेठेत बोहरी आळीत गेलो आणि एका दुकानात म्हटलं, "क्लॅम्प द्या एक."

"सी पाहिजे का जी?"

"दोन्हीत फरक काय?"

"काही नाही."

"मग विचारलंत कशाला?"

"गिऱ्हाईकाला कितपत कळतं ते बघावं लागतं," असं म्हणून त्यांनी चार इंची क्लॅम्प काउंटरवर आपटला. पुण्यात याला ग्राहकसेवा म्हणतात.

फरक खरोखरच नाही. बिडाची एक कमान, तिच्या एका टोकातून आरपार जाणारा स्क्रू, स्क्रूच्या नाकावर फिरती चकती आणि शेपटाला आडवी दांडी. त्या कमानीत अमेरिकेला सी दिसला. इंग्रजांनी स्क्रूचीही दखल घेतली, म्हणून त्यांना जी दिसला. आपण बारसं केलं असतं तर 'ट-क्लॅम्प' झाला असता, आकार हुबेहूब जुळतो. इंग्रज सुतार तर क्लॅम्पला क्लॅम्पही म्हणत नाहीत, 'क्रॅम्प' म्हणतात. म्हणजे रात्री अडीच वाजता पोटरीत येतो तोच. ज्याने हे नाव ठेवलं त्याच्याही वडिलांना रविवारी करवत चालवायची हौस असणार. आपल्याकडे बाइंडर लोक पुस्तकांचे गठ्ठे आवळतात त्याला शिकंजा म्हणतात. हा शब्द फारसीतून आला, आणि फारसीत त्याचा अर्थ छळ असा आहे. बाबांना फारसी येत नव्हतं, काम मात्र मुळाबरहुकूम चाले.

सी-क्लॅम्पची मापं दोन: तोंड आणि घसा. तोंड म्हणजे तो किती जाडीची वस्तू पकडतो, आणि घसा म्हणजे काठापासून किती आत पोचतो. दुकानदार सांगतो ते नेहमी तोंडाचं माप. चार इंची, सहा इंची, आठ इंची. घरी आणल्यावर कळतं, की तोंड भरपूर उघडतं पण घसा अडीच इंचांवर संपतो, आणि आपल्याला दाब हवा असतो नेमका चार इंच आत. मोठ्या तोंडाच्या आणि उथळ घशाच्या मंडळींकडून जेवढं काम होतं तेवढंच याच्याकडूनही होतं.

पण दाबाच्या बाबतीत त्याला नावं ठेवायला जागा नाही. त्या आडव्या दांडीचं टोक स्क्रूपासून दहा सेंटिमीटरवर धरून दहा किलोचा जोर दिला, म्हणजे पाण्याची अर्धी बादली उचलण्याइतका, तर बारा मिलिमीटर जाडीचा स्क्रू पलीकडे चारशे किलोच्या आसपास दाब देतो. घर्षण मुळीच नसतं तर हाच दाब साडेतीन टनांच्या घरात गेला असता. म्हणजे दहातले नऊ भाग घर्षणातच खर्ची पडतात. खालपर्यंत पोचेस्तोवर दहातला एक भाग उरतो ही व्यवस्था आपल्याला काही नवी नाही. इथे गंमत अशी, की ते वाया गेलेले नऊ भागच काम टिकवून धरतात. आपण हात काढला, चहाला गेलो, झोपलो, तरी स्क्रू उलटा फिरत नाही तो त्या घर्षणामुळे. आटे साबणासारखे गुळगुळीत असते तर हात सोडताक्षणी सगळं गरगरत सुटलं असतं आणि त्या दांडीजवळ कुणी क्षणभरही थांबलं नसतं.

हे गणित मी बायकोसमोर मांडलं, कारण मला आणखी क्लॅम्प घ्यायचे होते. दोन फळ्या काठाला काठ लावून जोडायच्या, तर लाकूड टणक असेल तेव्हा चिकटवलेल्या जागेवर दर चौरस सेंटिमीटरला १२ ते १७ किलो दाब द्यावा असं सांगतात. फळी एक मीटर लांब, दोन सेंटिमीटर जाड. म्हणजे काठाचं क्षेत्रफळ २०० चौरस सेंटिमीटर. कमीत कमी दाब धरला तरी २४०० किलो. भागिले चारशे.

"सहा," मी म्हटलं. "मीटरला सहा. यात माझी हौस कुठेही नाही, हे विज्ञान आहे."

तिने कागदाकडे पाहिलं, मग टेबलावरच्या फेविकॉलच्या डब्याकडे. "चोवीसशे किलो म्हणजे एक हत्ती. डब्यावर तर दोन आहेत."

"ते तोडायला ओढतायत."

"मग जोडायलाही एक बसतो हे त्यांनी छापायला हवं होतं," ती म्हणाली आणि आत गेली. आक्षेप योग्य होता. फेविकॉल १९५९ साली आला. त्याआधी सुतार जनावरांच्या हाडाकातड्याचा सरस डब्यात उकळायचे, त्याचा वास सगळ्या आळीला जायचा आणि कुणाकडे काम चाललंय ते विचारावं लागत नसे. सरस काय, फेविकॉल काय, दोघांचीही अट तीच. फळ्या एकमेकींवर हत्ती बसल्यासारख्या आवळलेल्या पाहिजेत. फटीत नुसताच चिकट पदार्थ भरला, तर तो सुकल्यावर फट तशीच राहते, फक्त कडक होते.

मग मी एफ-क्लॅम्प घेतले. लांब पोलादी पट्टी, तिच्या एका टोकाला पक्का हात, दुसरा हात पट्टीवरून सरकणारा. जर्मनीत स्टुटगार्टला १८८९ साली बेसी नावाची कंपनी निघाली. ती आधी पोलाद खेचून पट्ट्या-सळया करायची आणि १९३६ साली क्लॅम्पकडे वळली. आज हौशी सुतारांत तिचं नाव आवाज खाली आणून घेतात, जसं चिपळूणकडचे लोक देवगडच्या हापूसचं घेतात. किंमत ऐकल्यावर माझा आवाज आणखी खाली गेला आणि मी देशी घेतले. पण युक्ती सगळ्यांची एकच. तो सरकता हात सरळ असेपर्यंत पट्टीवरून सुळसुळ जातो, कुठेही थांबत नाही. स्क्रू आवळला की किंचित वाकडा होतो, आणि वाकडा झाला रे झाला की पट्टीच्या दातऱ्या कडांना असा अडकून बसतो की हातोडीने ठोकल्याशिवाय हलत नाही. आमच्या सोसायटीच्या कमिटीत असे दोघे आहेत. सरळ असताना कुठल्याच मुद्द्यावर टिकत नाहीत, वाकड्यात शिरले की चार-चार महिने जागचे हलत नाहीत. सोसायटी उभी आहे ती त्यांच्यामुळेच.

पाईप क्लॅम्पची कथा थोडक्यात सांगतो. त्यात फक्त दोन टोकं विकत मिळतात, मधला पाईप आपण आणायचा, हवा तेवढा लांब. म्हणून मी नळसामानाच्या दुकानात जाऊन पाऊण इंची लोखंडी पाईप मागितला, पाच फूट, एका बाजूला आटे पाडून.

"बाथरूमला का किचनला?"

"कशालाच नाही. फळ्या आवळायला."

त्यांनी आटे पाडून दिले, पैसे घेतले आणि मी वळल्यावर पोऱ्याला हळूच म्हणाले, "एल्बो-टी काही नको म्हणाले, बघ." त्या आवाजात एवढी कणव होती, की मला परत जाऊन एक एल्बो घ्यावासा वाटला.

असे करत अकरा जमले. अकरांत चौकटी आवळायचा सॅश क्लॅम्प एकही नाही, तो फार जड आणि बाल्कनी तिसऱ्या मजल्यावर. पण चिमट्यासारखे स्प्रिंगचे चार आहेत, आणि माझ्या क्लॅम्पांचा घरात खरा उपयोग होतो तो या चौघांचाच. गोधडी वाळत घालायला, पोह्यांचं फोडलेलं पाकीट बंद ठेवायला, पडद्याची उसवलेली कड धरायला आणि एकदा, मला लाज वाटते सांगायला, आळूची पानं वड्या करेपर्यंत एकत्र ठेवायला. मी हरकत घेतली तेव्हा बायको म्हणाली, "क्लॅम्पचा शोध तू लावल्यासारखं बोलू नकोस. आजीच्या शेवयांच्या यंत्राला काय होतं?"

ते मी विसरलोच होतो. उन्हाळ्यात गच्चीवर बाज टाकायची, बाजेच्या काठाला ते बिडाचं यंत्र खालून स्क्रूने आवळायचं, एकीने वरून पिठाचे गोळे घालायचे, एकीने हँडल फिरवायचं आणि आम्ही पोरांनी खाली काठ्यांवर शेवया झेलायच्या. तो खालचा स्क्रू म्हणजे सी-क्लॅम्पच की. खवणीलाही तोच. काही घरांत सोऱ्यालाही वरून फिरवायचा दट्ट्या असतो, तेही तेच आटे, तेच घर्षण, फक्त पलीकडून चकली येते. हे सगळं कुणाला 'यंत्रविद्या' म्हणून शिकवलं नव्हतं, आणि यंत्र सैल झालं तर आजी माझ्या मामाला म्हणायची, "बाबा, जरा धर रे." पाहा. तिथेही तेच.

मिस्त्री आले तो दिवस मात्र मला वेगळा सांगावा लागेल.

स्वयंपाकघरातल्या कपाटांचं काम होतं. मी सकाळीच त्यांच्यासमोर अकराही क्लॅम्प मांडले. त्यांनी ते पाहिले, लग्नघरी आहेराची भांडी पाहतात तसे, हात न लावता. "चांगले आहेत," म्हणाले. मग फळीच्या काठावर फेविकॉलची धार सोडली, बोटाने फिरवली, फळी बसवली, खिशातून मूठभर चुका काढल्या, त्यातल्या चार ओठांत धरल्या आणि ठक, ठक, ठक, ठक. झालं. पुढची फळी.

शहरातल्या वाचकांसाठी सांगतो, चूक म्हणजे बारीक खिळा. फेविकॉल सुकेपर्यंत फळीने हलू नये म्हणून मारायचा, नंतर वाटलं तर उपटायचा, नाहीतर लांबी भरून वर पॉलिश. मिस्त्रींची पद्धत इतकीच, की चांगल्या कामात चुका योग्य ठिकाणी, योग्य अंतरावर आणि वेळच्या वेळी झाल्या पाहिजेत. मी नोकरीत अठ्ठावीस वर्षं चुका केल्या, त्यातून काहीही जोडलं गेलं नाही. माझं अंतर चुकत असणार.

सनमायका चिकटवल्यावर त्यांनी त्यावर आमचा पाटा ठेवला, पाट्यावर तांदळाचं पोतं आणि पोत्यावर माझे अकरा क्लॅम्प. वजन म्हणून. तेवढाच त्यांचा उपयोग झाला.

दुपारी ते खाली बसून एका पट्टीला पटाशीने खाच पाडत होते. पट्टी कशातच अडकवलेली नव्हती. डावा पाय तिच्यावर, टाच एका बाजूला, अंगठा आणि शेजारचं बोट दुसऱ्या बाजूला, आणि पटाशी त्या अंगठ्यापासून दोन बोटांवर चाललेली. मी न राहवून शेगडा आणायला निघालो. आपल्याकडे बेंच व्हाइसला शेगडा म्हणतात, माझ्याकडे तीन इंची आहे. मिस्त्री वर न बघता म्हणाले, "पाय काय नुसते चालायला दिलेत?"

बाकाशी उभा राहून काम करणारा सुतार विलायतेत वाढला. त्याला दोनच हात मोकळे, म्हणून त्याने बाकाला भोकं पाडली, त्यांत लोखंडी आकडे ठोकले, बाकाच्या कडेला स्क्रू बसवले आणि शेवटी एवढे क्लॅम्प केले, की ते टांगायला दुसरी भिंत लागली. आपला सुतार जमिनीवर बसला. त्याला चार अवयव मोकळे मिळाले, आणि त्यांतले दोन तो क्लॅम्प म्हणून वापरत राहिला. या क्लॅम्पात सोय अशी, की पकड लगेच कमीजास्त करता येते. गैरसोय मला मिस्त्रींच्या अंगठ्याचं नख पाहून कळली. ते अर्धंच होतं.

तेव्हा शरीर मधे घालण्यापेक्षा पाचर बरी, हे आपल्याकडे फार पूर्वी ठरलं आहे. पंचतंत्राच्या पहिल्या तंत्रातली, मित्रभेदातली, पहिलीच गोष्ट ही क्लॅम्पच्या अपघाताची आहे. देवळाचं काम चाललेलं, सुतार दुपारी जेवायला गेलेले, अर्धवट चिरलेल्या ओंडक्याच्या फटीत खैराची पाचर मारून ठेवलेली. माकड आलं, ओंडक्यावर बसलं आणि त्याने पाचर उपटली. फट मिटली, माकड मेलं. शाळेत आम्हाला शेपूट अडकल्याचं शिकवलं होतं. मूळ संस्कृतात दुसरंच काही अडकलं आहे, पण हा लेख घरातली सगळी वाचतील. मला त्यात लाकूड महत्त्वाचं वाटतं. पाचर खैराचीच का? कारण खैर टणक, ओंडक्याच्या दाबाने चेपत नाही. लिहिणारा पंडित एखाद्या सुताराशेजारी बराच वेळ बसला असला पाहिजे, आणि बहुधा त्यालाही कुणीतरी "जरा धरा शास्त्रीबुवा" म्हटलं असेल.

पण आजवर मी पाहिलेला सगळ्यात जबरदस्त क्लॅम्प पाचरीचाही नाही नि स्क्रूचाही नाही. माझं आजोळ सातारा जिल्ह्यात. तिथे ओढ्याकाठी बैलगाडीच्या चाकाला धाव चढवताना मी लहानपणी पाहिलं. चाक आधी सुताराने केलेलं असतं. मधे तुंबा, त्यात ठोकलेले आरे, बाहेर घेराचे तुकडे, आणि सगळं जरा खुळखुळतं. लोहाराने लोखंडी पट्टीचं कडं केलेलं असतं, ते मुद्दाम चाकापेक्षा जरासं लहान. आम्हाला वाटलं माप चुकलं. मग जमिनीवर गोवऱ्या रचल्या, कडं त्यात ठेवलं, वर आणखी गोवऱ्या, आणि पेटवून दिलं. तासाभराने कडं लाल झालं. चार मीटर घेराचं लोखंडी कडं पाचशे अंशांनी तापलं की घेरात अडीच सेंटिमीटरच्या आसपास वाढतं. हा हिशोब मी आत्ता केला. लोहाराने तो तेव्हा एका काडीवर नखाने खूण करून केला होता. तिघांनी तिन्ही बाजूंनी सांडसांनी कडं उचललं, चाकावर आणून टाकलं, घणाने ठोकून बसवलं. लाकडाने पेट घेतला. धूर, आरडाओरडा, आणि लगेच चारी बाजूंनी घागरी. फस्स करून वाफ उठली आणि त्या वाफेतून आवाज आले, कुर्र, कट्, कर्रर्र. कडं आकसत होतं आणि आकसताना प्रत्येक आरा तुंब्यात, प्रत्येक तुकडा शेजारच्या तुकड्यात दाबून बसवत होतं. वाफ गेली तेव्हा ते खुळखुळं चाक एकसंध झालेलं होतं. लोहाराने त्यावर पाय ठेवून बिडी पेटवली. पुढची कित्येक वर्षं तो क्लॅम्प सोडायचाच नव्हता.

त्यापुढे आपलं आवळणं अगदीच किरकोळ.

एका परदेशी माणसाची आठवण मात्र काढलीच पाहिजे. विल्यम पीटरसन, डेन्मार्कहून अमेरिकेत गेलेला लोहार. नेब्रास्कातल्या डी विट या लहानशा गावात तापलेलं लोखंड एका हाताने पकडीत धरायचं नि दुसऱ्याने घण मारायचा, याचा त्याला कंटाळा आला. त्याच्याही घरी मुलगे भूगोल वाचत बसले असणार. त्याने पकडीच्या मुठीत एक जादा सांधा घातला. मूठ आवळली की तो सांधा मध्यबिंदू ओलांडून पलीकडे जातो आणि तिथेच अडून बसतो, मग हात सोडला तरी पकड सुटत नाही. काचेच्या बरणीच्या झाकणाला तारेची खिट्टी असते ना, तीच करामत. १९२१ साली त्याला पेटंट मिळालं. पण त्यात ही अडून बसणारी मूठ नव्हती, ती १९२४ सालच्या पेटंटात आली. हीच व्हाइस-ग्रिप. इंग्लंडात तिला मोल ग्रिप म्हणतात, आपल्या गॅरेजात काहीच म्हणत नाहीत, 'ती दे' म्हणतात. माझ्या एका मित्राच्या जुन्या जीपला खिडकीची काच वरखाली करायचं हँडल म्हणून नऊ वर्षं व्हाइस-ग्रिप लावलेली आहे. जीप विकायला काढली तेव्हा त्याने जाहिरातीत 'पॉवर विंडो' असं लिहिलं होतं.

आता माझ्या चुका. मोठ्या अर्थाने.

पहिल्या स्टुलाला मी क्लॅम्प थेट लाकडावर लावले आणि चारशे किलोचं विज्ञान पूर्ण वापरलं. सकाळी क्लॅम्प काढले तर स्टुलावर ओळीने गोल खळगे, बुद्धिबळाच्या सोंगट्या ठेवायला केल्यासारखे. मधे फळकुटाचा तुकडा घालायचा असतो हे कुणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या वेळी फळकूट घातलं, तर बाहेर आलेल्या फेविकॉलने ते फळकूटच कायमचं जोडून टाकलं. जो सांधा चिकटायला हवा होता त्याच्यापेक्षा तो कितीतरी पक्का झाला.

तिसऱ्या वेळी हौसेने बाभळीची फळी आणली होती. सगळं जमलं, पण सकाळी पाहतो तर पाईप जिथे जिथे ओल्या फेविकॉलला आणि लाकडाला टेकला होता तिथे निळेकाळे पट्टे. पॉलिश पेपरने घासले, लिंबू लावलं, जात नाहीत. बाबांनी चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाले, "शाई आहे." मला वाटलं त्यांचं काहीतरी चुकतंय. पण शाईच होती. हिरड्याच्या काढ्यात हिराकस घालून पूर्वी काळी शाई करत. हिरड्यात तुरटपणा, हिराकशीत लोह, आणि पाण्यात दोघांची गाठ पडली की काळं. बाभळीतही तोच तुरटपणा आहे, पाईप लोखंडाचा आहे आणि पाणी फेविकॉलने पुरवलं होतं. लोखंडी कढईत आवळा टाकून पाहिलेल्या कुठल्याही बाईने मला हे आधी सांगितलं असतं. मी विचारलं नव्हतं, कारण मी विज्ञान करत होतो.

तर गेल्या भाद्रपदातली गोष्ट. गणपतीसाठी घरीच चौरंग करायचा ठरवलं. सागवानाच्या तीन फळ्या जोडून वरचा पाट. कोरडे असताना सगळे क्लॅम्प लावून रंगीत तालीम केली, मधे मेणकागद घातला, फळकुटं मोजून ठेवली. अकरा क्लॅम्पांतले तीन मंडपाच्या लायटिंगसाठी सोसायटीने नेले होते. मंडपात गेलेला क्लॅम्प अनंत चतुर्दशीनंतर येतो, आणि कुठल्या वर्षीच्या ते सांगता येत नाही. राहिले आठ. मला नऊ हवे होते. एक कमीच पडतो, हा या वस्तूचा स्वभाव आहे. माझ्याकडे तीस असते तर एकतीस लागले असते.

फेविकॉल लावला. आता दहा मिनिटं हातात. पहिला आवळला, दुसरा आवळला. सहावा आवळताना फळ्यांचं डावं टोक बाल्कनीच्या फरशीवरून हळूहळू वर उठायला लागलं, झोपलेल्या माणसाने मान उचलून पाहावं तसं. सगळे क्लॅम्प खालून, वरून एकही नाही, त्यामुळे पाट कमानीसारखा होत होता. उरलेले दोन्ही वरून लावले तरी ते टोक उठलेलंच. दोन्ही हात फेविकॉलने पांढरे. मी ओरडलो, "अरे, जरा धर रे!"

घराच्या सगळ्यात लांबच्या कोपऱ्यातून मुलाचा आवाज आला, "भूगोलाचा अभ्यास करतोय!"

बायको भाजीला गेलेली. मग आतून सपाता घासल्याचा आवाज आला आणि बाबा बाहेर आले. वय ब्याऐंशी. त्यांनी पाटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, कोपऱ्यातला मोडा ओढला, त्यावर बसले आणि उजवी सपाता काढून पाय त्या उठलेल्या टोकावर ठेवला. टोक खाली गेलं.

"बाबा, गणपतीचा चौरंग आहे तो!"

"अजून चौरंग कुठाय? फळ्या आहेत." त्यांनी टाच नीट बसवली. "आवळ."

मी आवळलं. फटीतून फेविकॉलचे थेंब माळेसारखे बाहेर आले, एका रेषेत, सारख्या अंतरावर. गुण्या लावून पाहिला, पाट सपाट.

"किती वेळ?" बाबांनी विचारलं.

"जरासाच."

पाऊण तास. रस्त्यावर ढोलपथकाचा सराव चालला होता. दहाव्या मिनिटाला मला दिसलं, फळीच्या टोकाशी बारीकशी फट पडतेय.

"बाबा, हलवू नका."

"मी नाही हलवत," बाबा म्हणाले, आणि त्यांनी नाकाचा शेंडा खाजवला.